कमी केलेला आवाज

वडिलांना आम्ही नायना म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांमधून हाच शब्द चालतो. आमची तेलुगू तेलंगणातल्या नातेवाइकांना मराठी वाटते आणि आमची मराठी पुण्याच्या लोकांना तेलुगू वाटते, त्यामुळे दोन्हीकडून टोमणे खायची मला सवय आहे. नायनांची शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्या भरवशावरच मी हे लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

नायनांनी सदतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. त्यांच्या कारखान्यात एका पत्र्याखाली चोवीस माग होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा दारातूनच परत फिरावंसं वाटायचं, इतका खडखडाट. असल्या जागी आयुष्य काढलं की कान जातातच, आणि आमच्याकडे त्याला कुणी आजार म्हणत नाही. केस पांढरे होतात तसे कान जातात, एवढंच. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून ही माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. नायना घरातही तसंच करायचे. समोर उभं राहून बोललं की त्यांना सगळं कळायचं; पाठीमागून हाक मारली तर मारणाराच दमायचा. त्यामुळे त्यांना नक्की किती ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि खरं तर त्यांनाही नव्हतं.

त्यांच्यापाशी एकच माप होतं, टीव्हीवरचा आवाजाचा आकडा. ते साठवर पिक्चर बघायचे. आमच्या गल्लीत त्यांच्या वयाचे चारपाच जण आहेत, सगळे मागावरचे. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ते आपापले आकडे सांगायचे. कुणाचा सत्तर, कुणाचा ऐंशी. नायना साठ म्हणायचे आणि जरा ताठ बसायचे.

पिक्चरची सोय मीच करून दिली होती. नायनांकडे एक पत्र्याची पेटी भरून तेलुगू सिनेमांच्या सीडी होत्या, बहुतेक पौराणिक. हैदराबादला लग्नाकार्याला गेले की ते दुसरं काही आणत नसत. पुढे सीडीचा प्लेअर मेला आणि दुरुस्त करणारा माणूसही दुकान बंद करून गावी गेला. मी एका पावसाळ्यात रोज थोड्या थोड्या करून सगळ्या सीडी जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तो कॉम्प्युटर आतल्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि टीव्हीला एक डबी जोडली. डबी घरातल्या वायफायवरून कपाटातले पिक्चर ओढून घेते आणि टीव्हीवर दाखवते. नायनांना इंग्रजी नावं वाचता येणार नाहीत म्हणून प्रत्येक पिक्चरला मी एकेक चित्र लावलं. गदा घेतलेला दिसला की हा, रथ दिसला की तो.

पहिल्या दिवशी ते बराच वेळ डबीच्या मागं वायर शोधत होते.

"मग पिच्चर येतोय कुठनं?" त्यांनी विचारलं.

"कपाटातून. हवेतून येतो."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "म्हंजे आमच्या जुन्या कारखान्यासारखं की. मोटर एका कोपऱ्यात, अन् माग सगळीकडं." असं म्हणून त्यांनी विषय संपवला आणि रिमोट मागितला. मी पाच वर्षं कॉम्प्युटर शिकलो, मलाही त्याहून बरं समजावता आलं नसतं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. पुढचे आठ दिवस ते दर पाच मिनिटांनी मला हाका मारत होते, तरीही खूश होतो.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलं की इथून दुरुस्त करायचं. दुपारी तीनला रोज आमची मीटिंग असते. नायनांचा पिक्चरही तीनलाच लागायचा. जेवण, तासभर झोप, चहा आणि पिक्चर, यात कारखान्याच्या भोंग्यासारखा नेम. पुढची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, म्हणजे नावाला आहे. मी त्यांना एकदोनदा आवाज कमी करायला सांगितलं. दोन दिवस पन्नासवर यायचे, तिसऱ्या दिवशी परत साठ. हेडफोन आणून दिला तर म्हणाले, "कानात घालून बसलो तर दारात कोण आलंय ते कळंल कसं?" दारावरची बेल त्यांना तशीही ऐकू येत नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार.

दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवशी मीटिंगला बाहेरच्या कंपनीचे दोन मोठे साहेब होते आणि बोलायची पाळी माझी होती. मी तोंड उघडलं आणि पुढच्या खोलीत राक्षस हसला. साधं हसला नाही, तेलुगू राक्षस हसतात तसा, श्वास संपेपर्यंत. मग आमचे साहेब म्हणाले, "तुमच्याकडे कुणीतरी आज फारच आनंदात दिसतंय." सगळे हसले. कुणीतरी विचारलं, ही भाषा कुठली.

मला सहज सांगता आलं असतं की माझे वडील पिक्चर बघताहेत, मागावर काम करून त्यांचे कान गेलेत. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण माझ्या तोंडातून निघालं, "शेजारी आहेत." शेजारी! ज्या माणसानं मागावर उभं राहून मला शिकवलं, त्याला मी एका वाक्यात भिंतीपलीकडे ढकलून दिलं. मीटिंग संपली तरी माझे कान तापलेले होते, आणि तो राग मी माझ्यावर काढायचा सोडून त्यांच्यावर काढला.

पुढच्या रविवारी नायना कुंभारीला गेले. तिथं एका नातेवाइकाच्या नातवाचं बारसं होतं. ते दाराबाहेर पडताच मी कपाटातला कॉम्प्युटर उघडला. अशा कामासाठी एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. त्याला फोल्डर दाखवायचं, आवाज किती ठेवायचा ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तो एकेक पिक्चर घेतो आणि त्यातला आवाजच बारीक करून ठेवतो. मी एक तृतीयांश ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळे राक्षस, सगळ्या गदा, सगळे शंख बारीक झाले होते. टीव्हीला मी हात लावला नाही, रिमोटला लावला नाही. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं. भांडण नाही, तंटा नाही, म्हातारा दुखावणार नाही, असं मी बायकोला सांगितलं.

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आन् मामांनी विचारलं तर?"

"काय विचारणार? त्यांना कळणारपण नाही."

"सदतीस वर्षं मागावर काढलेला माणूस हाय," ती म्हणाली. "एक धागा तुटला तर कळायचं त्यांना."

सोमवारी तीन वाजता पिक्चर लागला. मी खोलीत बसून ऐकत होतो. काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मी समाधानानं काम करत होतो. थोड्या वेळानं नायना दारात येऊन उभे राहिले. हातात रिमोट होता.

"अरे, टीव्हीला काय झालंय का?"

मी मान वर केली. "का?"

"शंभरवर नेला. तरी आवाज लांबनं येतोय."

आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, सगळं त्या एका क्षणात होतं. "हो नायना, मीच कमी केलाय, माझी मीटिंग असते," एवढं एक वाक्य. ते चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळी पारावर माझी बदनामी केली असती आणि विषय संपला असता. पण समोर मीटिंग सुरू व्हायची होती, आणि खरं सांगितलं की आवाज परत वाढवावा लागणार होता.

"टीव्ही ठीक आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"कालच बघितला की मी."

त्यांनी मान हलवली. रिमोट उलटा करून पाहिला, जणू आकडा तिथं मागं लिहिलेला असावा. मग म्हणाले, "म्हंजे माझंच." आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी आठवडाभर पिक्चर लावून पाहिला. टीव्हीच्या जवळ खुर्ची ओढून बसायचे, आकडा शंभरवर. मग खुर्ची परत भिंतीशी गेली. दुपारी चहा झाला की ते ओट्यावर जाऊन बसू लागले. रात्री आम्ही बातम्या लावायचो तेव्हा ते आधीही तिथं नसायचे, त्यामुळे टीव्हीवर दुसरं काही ऐकून बघायचा प्रश्न आला नाही. पारावर जाणं त्यांनी बंद केलं. तिथं आकडा विचारला तर काय सांगणार होते? मला मात्र त्या आठवड्यात इतकी शांतता मिळाली की साहेबांनी माझ्या कामाचं कौतुक केलं. हे लिहितानाही लाज वाटते.

बायको रोज विचारायची, सांगितलं का. मी म्हणायचो, सांगतो, दोन दिवस जाऊ देत. दोन दिवस गेले की आणखी दोन दिवस लागायचे. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसता आवाज कमी केल्याचं सांगायचं नव्हतं, तोंडावर खोटं बोलल्याचंही सांगायचं होतं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे नायनांची थोरली बहीण. तेलंगणात दिलेली. आई लवकर गेल्यामुळे तिनंच नायनांना वाढवलं, भरवलं, शाळेत नेऊन बसवलं. बाकीची भावंडं एकेक करून गेली आणि ही दोघंच उरली. दर रविवारी सकाळी दहा वाजता तिचा फोन यायचा. फोन स्पीकरवर टाकून नायना पायरीवर बसायचे आणि दोघं अर्धा तास बोलायची. बोलणं कसलं, मिरच्या महाग झाल्या, गुडघा दुखतो, अमकीला मुलगा झाला. नायनांना त्यातलं सगळं ऐकू यायचं असं नाही. काही निसटलं की ते फोनला शिव्या द्यायचे. "हा फोनच भिकार हाय. अक्का, परत बोल!" आणि ती परत बोलायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, दोघांचंही त्यात काही अडलं नव्हतं.

टीव्हीच्या त्या सोमवारनंतर दुसरा का तिसरा रविवार असेल. अक्काचा आवाज त्या दिवशी बसलेला होता, तिला खोकला झाला होता. ती सांगत होती की तिच्या शेजारची म्हातारी, जिला नायनाही लहानपणापासून ओळखत होते, ती परवा गेली. नायना तोंडभर हसून म्हणाले, "मंचिदे, मंचिदे." म्हणजे बरं झालं, छान झालं.

मी तिथंच दाढी करत होतो. मी हातानं खूण केली आणि ओठांनी सांगितलं, गेली म्हणून. नायनांचा चेहरा उतरला. एरवी ते फोनवर खेकसले असते. आता फोनला दोष द्यायची त्यांची हिंमत राहिली नव्हती, कारण टीव्ही ठीक होता, आणि तसं मीच सांगितलं होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले.

पुढच्या रविवारी दहा वाजता फोन वाजला तेव्हा ते म्हणाले, "तू घे. सांग, झोपलोय."

"नायना, बोला की. मी बाजूला बसतो, सांगतो तुम्हाला."

"नको. कायतरी भलतंच बोलून बसंन. परवा मेलेल्या बाईला बरं झालं म्हणालो." मग बोट उचलून म्हणाले, "आन् ऐकू येत न्हाय असं सांगू नको अक्काला. रडत बसंल ती."

म्हणून मी अक्काला सांगितलं, झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारी सांगितलं, बाहेर गेलेत. मग दाढीला गेलेत, मग कुणाच्या तरी मयताला गेलेत. खोटं बोलायला मी चांगलाच सरावलो. अक्का दर वेळी म्हणायची, "बरं, उठला की सांग, मी फोन केला होता." एकदा तिनं विचारलं, "बरा आहे ना रे तो?" मी म्हणालो, अगदी मजेत आहेत. ते त्या वेळी माझ्यासमोर पायरीवर बसून माझ्या ओठांकडे बघत होते, ती काय म्हणाली ते मी सांगेन म्हणून. मी फोन ठेवून सांगायचो, ते ऐकायचे, आणि अर्ध्या तासाचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं.

मी दगडाचा नाही. माझ्या लक्षात येत होतं, की हे टीव्हीचं प्रकरण आता टीव्हीचं राहिलेलं नाही. प्रत्येक रविवारी मी ठरवायचो, की आज कॉम्प्युटर उघडायचा आणि आवाज पूर्ववत करायचा. पण माझ्या तीनच्या मीटिंगा चालू होत्या. आणि एक विचित्र भीती होती. आवाज अचानक वाढला तर ते पुन्हा दारात येऊन विचारतील, टीव्हीला काय केलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

संक्रांत होऊन गेली. एका बुधवारी दुपारी मीटिंग चालू असताना अक्काच्या मुलाचा फोन आला. मी कट केला. परत आला, परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलला. अक्का सकाळी गेली होती. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं संपलं.

पुढच्या खोलीत जाऊन मी नायनांच्या समोर उभा राहिलो. मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं. मग ते उठले आणि पिशवीत धोतर भरायला लागले.

आम्ही संध्याकाळी पोहोचलो. आमच्यासाठी थांबले होते. नायनांनी अक्काचे पाय धरले, बराच वेळ धरून ठेवले. नंतरचे दोन दिवस ते एका कोपऱ्यात बसून होते. माणसं येऊन काहीबाही बोलायची, ते नुसती मान हलवायचे, तीही कधी चुकीच्या जागी. तिथली माणसं मागावरची नव्हती, तोंड फिरवून बोलायची. अक्काच्या मुलानं दोनदा त्यांच्याजवळ येऊन काही विचारायचा प्रयत्न केला आणि तसाच उठून गेला. मी शेजारी बसून होतो. एकेकाला सांगत होतो, त्यांना जरा कमी ऐकू येतं, पण तेही हळू आवाजात, कारण नायनांना ते आवडलं नसतं. कुणाला पटलं, कुणाला नाही.

सोलापूरला परत आल्यावर त्याच आठवड्यात मी कपाटातला कॉम्प्युटर उघडला. मूळ आवाजाची प्रत मी ठेवलीच नव्हती, तेवढा विचार केलाच नव्हता. म्हणून बारीक केलेला आवाज पुन्हा तिप्पट करावा लागला. गाण्यांमध्ये थोडी खरखर राहिली, बाकी राक्षस पूर्वीसारखा हसू लागला. हे मी कशासाठी केलं? आता त्याचा कुणाला काय उपयोग होता? बायकोनं पाहिलं आणि भांडी घासायला घेतली.

सुतकात नायनांनी टीव्ही लावला नाही, आणि सुतक संपल्यावरही लावला नाही. बायकोच्या मनात काय आलं कोण जाणे, ती रोज सकाळी लसूण घालून तापवलेल्या तेलाचे दोन थेंब त्यांच्या कानात घालू लागली. डॉक्टर असलं काही करू नका म्हणतात, मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तुम्ही कायबी करू शकता घरात, मी दोन थेंब तेल घालू शकत न्हाय व्हय?"

होळीच्या आसपास एका दुपारी मी खोलीत होतो. मीटिंग नव्हती. एकाएकी सगळं घर हादरलं. शंख, नगारे आणि घोड्यांच्या टापा. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, मीही आलो. नायना खुर्चीतून अर्धवट उठून उभे होते, रिमोट टीव्हीकडे धरलेला, आणि पडद्यावर त्यांनी सवयीनं नेलेला आकडा, शंभर. त्यांनी तो खाली आणायला सुरुवात केली. नव्वद, ऐंशी, सत्तर. साठवर आल्यावर थांबले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"आले," ते म्हणाले. "कान आले माझे!"

त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या तेलानं आले ग पोरी." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. संध्याकाळी ते पारावर गेले, कितीतरी दिवसांनी. तेलाची कृती सगळ्यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे आमच्या घरी बाटल्या घेऊन आले. बायकोनं त्यांना तेल दिलं, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "आज सांगा. आज आनंदात हायत, माफ करून टाकतील." मी म्हणालो, आनंदात आहेत म्हणूनच नको. कधी दुःखात म्हणून नको, कधी आनंदात म्हणून नको. माझ्याकडे कारणांची कमतरता कधीच नव्हती.

त्या रविवारी सकाळी नायना अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून पायरीवर येऊन बसले. मला म्हणाले, "अक्काच्या पोराला फोन लाव. मयताला नीट बोललो न्हाय त्याच्याशी."

मी फोन लावून दिला आणि शेजारी बसलो. स्पीकर चालू होता. भाच्याचा आवाज आला आणि नायनांचा चेहरा खुलला. त्याची तब्येत, शेत, बायकामुलं, सगळ्याची त्यांनी चौकशी केली. दोनदा बोलणं निसटलं तेव्हा फोनवर खेकसले, पूर्वीसारखे. "भिकार फोन हाय. परत बोल!" मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग भाचा म्हणाला, "मामा, एक विचारू? तेव्हाच विचारणार होतो. अम्मा शेवटपर्यंत तेच विचारत होती. तुम्ही तिच्यावर कशावरून रागावला होता?"

नायनांनी ऐकलं. परत बोल म्हणाले नाहीत.

"दसऱ्याला तुम्ही साडी पाठवली, तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला, असं ती फोनवर बोलून गेली होती ना. तेच तुम्हाला लागलं असं तिनं मनात घेतलं. दर रविवारी फोन ठेवला की म्हणायची, झोपलेला नाहीये तो, मला ठाऊक आहे, बोलायचं नाहीये त्याला."

"राग?" नायना म्हणाले. "अक्कावर? अरे, मला ऐकू येत नव्हतं!"

नायनांचा आवाज चढला. "खरं सांगतोय. कान गेले होते माझे. तिला कळू नये म्हणून... अरे, राग कशाला येईल मला तिचा?"

"बरं मामा," भाचा म्हणाला. मोठ्या माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून म्हणतात तसं.

नायनांनाही ते तसंच ऐकू आलं. त्यांनी घाईघाईनं फोन माझ्या हातात दिला. "तू सांग त्याला. तुला माहीत हाय सगळं. सांग, मला ऐकू येत नव्हतं."

फोन स्पीकरवरच होता. ते माझ्यासमोर, हातभर अंतरावर, माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हो, खरं आहे," मी भाच्याला म्हणालो. "त्यांना ऐकू येत नव्हतं."

नायनांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढं वाकून फोनमध्ये म्हणाले, "ऐकलंस न्हवं? माझा पोरगा खोटं बोलत न्हाय."